गावपळणीचा झरा

भक्तीच्या पायाची पट्टी सोडली की आधी वास यायचा, मग जखम दिसायची. गोडसर, उबट वास. नासलेल्या फणसासारखा. किशोरी श्वास धरून पट्टी सोडायची, आणि रोज तिचा श्वास मध्येच संपायचा. मग तो वास नाकातून घशात उतरायचा आणि दिवसभर भाताच्या घासाला लागून राहायचा. पोरीच्या नडगीवर खड्डा पडला होता. कडा पांढऱ्या, सुजट. आत हिरवट-पिवळा पू. पुसला की खालचं लाल मांस दिसायचं आणि दुपारपर्यंत पुन्हा दुधावर साय धरावी तसा जमायचा.

झालं होतं एवढंच, की दिवाळीच्या आधी सासू व्हाळावर, गावच्या ओढ्यावर, धुणं घेऊन गेली, तिच्याबरोबर चार वर्षांची भक्ती पाण्यात खेळत होती, आणि एका धोंडीला तिचा पाय घासला. असल्या खरचटण्याची या घरात कुणी दखल घेत नसे. हळद दाबली. हळदीने जखम भरली नाही म्हणून वाडीवरच्या डॉक्टरचं गुलाबी सिरप झालं, ते संपल्यावर पांढरं झालं. औषध पोरीने प्यावं आणि ते जखमेच्या अंगी लागावं तशी ती वाढत गेली. शेवटी किशोरी कुणाला न विचारता उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि बस धरून ओरोसला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी कापसाच्या काडीवर पू घेऊन तपासायला पाठवला.

त्यांचा फोन आला तो नेमका गावपळणीच्या आदल्या दिवशी.

"तोंडाने द्यायची जी औषधं आहेत ना, त्यातलं एकही या जंतूंवर चालत नाहीये," बाई म्हणाल्या. "ते सरावलेत सगळ्यांना. अ‍ॅडमिट करून शिरेतून इंजेक्शन द्यावं लागेल. पाणी कुठलं वापरता तुम्ही?"

किशोरीने विहीर सांगितली, व्हाळ सांगितला. कणकवलीच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना डबक्याच्या एका थेंबात काय काय वळवळतं ते तिने भिंगाखाली पाहिलं होतं, आणि पाहिलेलं माणसाला विसरता येत नाही. लग्न होऊन इथे आल्यापासून ती पाण्याकडे टक लावून बघत असे. सासू त्याला तिचा चाळा म्हणायची.

घरात विषय काढला तेव्हा सासरे, परशुराम, अंगणात झावळ्या विणत होते. रवळनाथाने कौल दिला होता. उद्या दुपारी ढोल वाजला की अख्खा गाव वेशीबाहेर पडणार, तीन दिवस तीन रात्री नदीकाठी राहणार. या घराकडे मान होता. परत गावात शिरण्याचा कौल मागताना मानकऱ्याचं कुटुंब नदीकाठी पुरतं हजर लागतं, सुनेसकट. म्हाताऱ्याने भक्तीला मांडीवर ओढली, पट्टी नाकाजवळ असूनही तोंड जराही वाकडं केलं नाही.

"तीन दिवस," ते म्हणाले. "तीन दिवसांत पाय काय गळान पडता? देवाचा काम होवंदे. मगे मी सोता येतंय तुमच्यावांगडा."

नवरा, दीपेश, टेम्पोवाल्याला फोन लावत होता. त्याला त्याच्या पोल्ट्रीतल्या पक्ष्यांची पडली होती.

किशोरीने बाईंना उलटा फोन केला. ताप नसेल तर दोन-तीन दिवस निघतील, त्या नाखुशीने म्हणाल्या. पण पट्टी कोरडी हवी. नदीच्या पाण्याचा थेंब लागता कामा नये. आणि ताप आला तर तासभरसुद्धा थांबायचं नाही. किशोरीने तीन दिवस कबूल केले. फोन ठेवल्यावर तिला फोनलाही तोच वास येत होता.

गावपळणीचा नियम साधा. जिवंत असं काही गावात ठेवायचं नाही. माणूस, गाय, कुत्रं, मांजर, परड्यातलं कोंबडं, सगळं बाहेर. इतकी वर्षं हे सोपं होतं. दोन कोंबडे टोपलीत घातले की झालं. पण दीपेशची पोल्ट्री झाल्यानंतरची ही पहिलीच गावपळण. गावाच्या वरच्या अंगाला व्हाळालगत त्याची शेड होती. कंपनी पिल्लं द्यायची, खाद्य द्यायची, मोठे पक्षी उचलून न्यायची. ही बॅच कौलाच्या आधीच जायला हवी होती. पण पक्ष्यांना पातळ होत होतं, वजन धरेना, म्हणून कंपनीने उचल पुढे ढकलली, आणि देवाने तारीख पुढे ढकलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं घर शेडमध्ये होतं. शेडच्या दारातच अमोनियाने डोळे चुरचुरायला लागत. तूस ओला होऊन त्याचा चिखल झालेला, पायाखाली चिकट, ऊन. पक्षी पिसं नसलेल्या गुलाबी छातीवर बसलेले, ढुंगणाशी सगळं बरबटलेलं. किशोरी दोन्ही हातांनी एकेक पक्षी उचलून क्रेटमध्ये घालत होती. उचलला की तो हातातच घाण करायचा, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ यायचा. तिने ओढणीने तोंड बांधलं होतं, तरी जिभेवर चव येत होती.

दीपेश पाण्याच्या पिंपात पावडर घालून काठीने ढवळत होता. पुडी खाली पडली ती तिने उचलली, उलटी केली, नाव वाचलं. पुन्हा वाचलं. गुलाबी सिरपाच्या बाटलीवर हेच नाव होतं. तिथे नावाखाली हसरं बाळ होतं, इथे तुरेवाला कोंबडा.

"ह्या कधीपासून देतास?"

"पयल्या दिवसापासून. सुपरवायझर सांगता तसा."

"आजारी नसतानाय?"

"आजारी पडू नयेत म्हणान. वजनय धरता तेंच्यान." त्याने काठी झटकली.

"आणि शेड धुतल्यार पाणी खंय जाता?"

"खंय जातला? व्हाळाक."

तिने पुडी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "भक्तीक पयला ह्याच औषध दिला आमी."

दीपेशने वाचलं. तो वाईट माणूस नव्हता. पोरीसाठी त्याने ओरोसहून चाकांचा हत्ती आणला होता, तो अजून पिशवीतच होता. "मगे बराच मा," तो म्हणाला. "चांगला आसा म्हणानच दोघांकय चलता."

"चलाक नाय. तिका ता चलाक नाय."

बाहेरून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला आणि दीपेशने क्रेट उचलला.

दुपारी ढोल झाला. घरांना कड्या लागल्या, चुली विझल्या, गुरं हाकत, बोचकी वाहत गाव वेशीपलीकडे नदीवर उतरला. रेतीच्या काठाने झावळ्यांच्या खोपी रातोरात उभ्या राहिल्या होत्या. मुंबईकर पोरं आली होती, कुणी स्पीकर आणला होता, कुणी दोरीवर झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. बायकांच्या तोंडावर तीन दिवस घर न झाडण्याचा आनंद होता. किशोरीलाही लग्नानंतरची पहिली गावपळण आवडली होती. गाव थोडा निवांत राहतो, हवापाणी पालटतं, माणसाचे रोग मागे राहतात, असं सगळे म्हणत, आणि तिला ते पटलंही होतं.

खोपी झाल्यावर बायकांनी झरा खणला. हा मान म्हाताऱ्या तुळसाकाकीचा. पात्रालगत रेतीत करवंटीने खड्डा करायचा. पाणी हळूहळू झिरपून वर येतं. आधी गढूळ, ते उपसून टाकायचं. मग येतं ते काचेसारखं. काकीने पहिला तांब्या नदीला वाहिला, दुसरा स्वतः प्यायली आणि ढेकर दिली.

"रेती गाळून देता," ती म्हणाली. "तुमच्या मशीनीक जमाचा नाय ता."

किशोरीने आचऱ्याच्या दुकानातून पाण्याचे दोन जार आणले होते. ते खोपीत ठेवताना काकीने पाहिले. मग ती ज्याला त्याला सांगत सुटली, की मानकऱ्याच्या सुनेक न्हयचा पाणी बाधता, तिका दुकानातली न्हय होई. दोन दिवस ही चेष्टा खोपीखोपीतून फिरली. पोरं किशोरीला बघून 'बिसलेरी' म्हणायला लागली. सासू सुगंधा हसण्यावारी नेत असे, पण झऱ्याचा तांब्या भरून आणून मुद्दाम सुनेच्या पुढ्यात ठेवत असे, चार बायका बघतील असा. किशोरी तो लोकांदेखत ओठाला लावायची आणि खोपीमागे जाऊन ओतायची. ओठ पदराने खसखसा पुसायची, तरी ते तिला ओलेच वाटायचे.

पक्षी कुठे ठेवलेत ते तिने दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. टेम्पो जिथवर येतो तिथे, खोपींच्या वरच्या अंगाला हाकेच्या अंतरावर, दीपेशने रेतीतच जाळं ठोकून वर झावळ्या टाकल्या होत्या. जाळ्याची एक बाजू पाण्याला टेकली होती. पिंपं धुवायला सोयीचं. रेती दिसतच नव्हती. तिच्यावर करड्या-पांढऱ्या विष्ठेचा थर बसला होता, उन्हाने वरून तडकलेला आणि आतून ओला. कडेने तो पाण्यात वितळत होता आणि तिथे पेजेवर धरते तशी साय तरंगत होती, मध्येमध्ये बुडबुडे. मेलेले पक्षी दीपेशने निवडुंगामागे टाकले होते, त्यातला एक घरंगळून अर्धा पाण्यात आला होता. त्याच्या उघड्या पोटाला बारीक मासे लागले होते. खेचत होते, सोडत होते, पुन्हा खेचत होते. खाली, खोपींपाशी, मुंबईची पोरं हेच मासे पंचाने धरून तव्यावर टाकत होती. तिने काल त्यातला एक खाल्ला होता.

ती तिथेच ओणवी झाली. काही पडलं नाही, नुसती लाळ आली.

दीपेशला तिने सांगितलं, जाळं उचला, खोपींच्या खालच्या अंगाला न्या. तो म्हणाला, खाली टेम्पो जात नाही, पाणी उचलून कोण नेणार, पक्षी आधीच मरताहेत, परत हलवले तर निम्मे जातील. "आणि न्हय व्हावता गो. साचलेली आसा काय?" हे त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं. पुन्हा पिंपात पावडर टाकली. आज पुडी वेगळ्या रंगाची होती.

"ही खयची?"

"पयली लागू पडना," दीपेश म्हणाला. "म्हणान ही."

तिसऱ्या दिवशी गावजेवण. मरायला टेकलेले पक्षी मरण्यापेक्षा गावाला घालावेत असं दीपेशला सुचलं, की परशुरामांनी सुचवलं, कोण जाणे. पण सकाळी ते जाहीर झालं आणि सगळ्यांनी मानकऱ्याच्या घराची वाहवा केली. पुरुषांनी माना कापल्या. बायका पाण्याच्या कडेला रांगेने बसल्या, पुढे परातीत मांस, हाताखाली नदी. किशोरीला काठावर बसणं भाग होतं; यजमानाची सून. पक्ष्याच्या पोटात हात घातला की आत ऊन, बुळबुळीत, हाताला धरून ठेवणारं. आतडी ओढून पाण्यात सोडायची. पाणी ती वाहवत घेऊन जायचं, पिसांसकट, झऱ्याच्या बाजूने. आदल्या दिवशी विळीवर तिचं बोट कापलं होतं. तिने ते पिशवीत गुंडाळून घेतलं होतं, पण पिशवीतही पाणी शिरलं. बोट आत ओलं, फुगलेलं वाटत होतं, आपलं नसल्यासारखं.

पाण्याच्या काठाला एक कुत्रं काहीतरी चाटत होतं. पांढरं. ती बघत राहिली आणि मग तिला कळलं, ती पट्टी होती.

भक्ती तिथून थोड्या अंतरावर पाण्यात उभी होती. गुडघ्याएवढ्या. सुगंधा वाकून तिची नडगी अंगठ्याने चोळत होती, जखम उघडी करून, वरून ओंजळीने पाणी सोडत होती आणि पुटपुटत होती, "न्हंये, माझ्या चेडवाचा दुखणा घेवन जा. तुझी ओटी भरीन." भक्ती हसत होती. थंड पाणी लागून तिला बरं वाटत असावं. तिच्या पायाला एक पिवळं आतडं वेटोळं घालून अडकलं होतं आणि सुटत होतं.

किशोरी रक्ताचे हात तसेच घेऊन धावली. पोरीला खेचून घेतली. ती सासूला काय बोलली ते तिला नंतर आठवेना. आवाज चढला एवढं खरं, कारण काठावरच्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्हावत्या पाण्याक दोष नसता गो," ती म्हणाली. "तुया औषधां दिलंस, दिलंस, काय झाला? माका चेडू जड झाला काय?"

तिचंही खोटं नव्हतं. जारातलं पाणी ओतून, पंचाने टिपून, तिने नवी पट्टी बांधली. दुपारी पंगतीत तिच्या पानात मांडीचा तुकडा पडला. तिने तो भातात पुरला.

चवथ्या दिवशी उजाडताच पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. पट्टीच्या वर, गुडघ्याच्या दिशेने, कातडीखालून एक लाल रेघ चढली होती. किशोरीने ती दीपेशला दाखवली. "तासभरय थांबूचा नाय म्हणाल्यात बाई."

"कौल घेवक गेलेत," तो म्हणाला. "आता येतले. इले की लगेच गाडी काढतंय. बाबांका विचारल्याशिवाय कसा जातलंव?"

कौल घ्यायला सत्यवान गुरव आणि मानकरी तेवढे देवळाकडे गेले होते. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली की गावाने परत यावं. बाकीचा गाव बोचकी बांधून ढोलाकडे कान लावून बसला होता. भक्ती किशोरीच्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती. तिचा श्वास मानेवर लागत होता, कढत, आंबूस.

ढोल वाजला नाही. मानकरी खाली मान घालून आले. दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा पाकळी डावी पडली. अजून एक दिवस बाहेर काढायचा. सत्यवान गुरवाने डोक्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, की बाहेर काहीतरी विटाळ झालाय, देवाला ते चाललेलं नाही, ज्याचं त्याने ओळखावं.

एकेक मान किशोरीकडे वळायला लागली. तुळसाकाकीने मान वळवायचीही तसदी घेतली नाही, तोंडानेच बोलली.

"न्हयचा पाणी ओतून टाकणाऱ्याक देव कसो कौल देतलो? मी बघलंय मा खोपीमागे. तोंडाक लावन ओतता."

परशुरामांनी सुनेकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं होतं. ते नुसते लाजले होते, चारचौघांत. "किशोरी, न्हयच्या पाया पड," ते हळू म्हणाले. "नारळ दी. उद्या परत कौल मागू."

"उद्या?" ती म्हणाली.

तिने भक्तीला दीपेशच्या हातात दिली. सासूचा तांब्या उचलला आणि वरच्या अंगाला चालत गेली. कुणाला वाटलं, पाया पडायला चालली. जाळ्याच्या कडेला, साय तरंगत होती तिथे, तिने तांब्या बुडवला, भरू दिला, आणि तसाच हिंदकळत परत आणला. हातावरून पाणी ओघळत होतं. तिने तो दीपेशच्या समोर धरला.

"विटाळ हयसून येता," ती म्हणाली. "जाळ्याखालसून भरलंय. झरो ह्याच पाण्याचो. तीन दिवस गाव ह्याच पिता. तुमी पिया. बाकी कोणी नको. तुमी काय काय घातलास तेतूर तां तुमका ठाव आसा. तुमी पिया."

दीपेशने तांब्याकडे पाहिलं. वर एक बारीक पांढरं पीस गोल गोल फिरत होतं. पोर हातात होती म्हणून त्याला हात पुढे करता आला नाही, असं म्हणता आलं असतं. पण सुगंधाने पुढे होऊन पोरीला घेतलं, आणि त्याचे हात मोकळे झाले, तरी ते खालीच राहिले.

"हाड हय," तांब्यासाठी हात पुढे करून परशुराम म्हणाले.

त्यांनी तांब्या सुनेच्या हातातून घेतला, फुंकून पीस कडेला केलं आणि वरून घशात धार धरली. कंठाची घाटी वर-खाली होत राहिली. एक थेंब खाली पडू न देता म्हाताऱ्याने तांब्या रिकामा केला, मिशी पुसली आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला.

"काय झाला?" त्यांनी विचारलं. "काय नाय झाला. माझो बापूस ह्याच न्हयचा पाणी पिवन म्हातारो झालो. शिकल्यासवरल्यांका पाण्याचा भय वाटता."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले, सुटल्यासारखे. तुळसाकाकीने टाळी दिली. खरंच काही झालं नव्हतं. म्हातारा उभा होता, ठणठणीत, ओल्या मिशीचा. जे दिसत नाही ते या माणसांना कसं दाखवायचं, किशोरीला कळेना.

आणि मग तो आवाज आला. आधी घशात ओढल्यासारखा, मग आतून फाटल्यासारखा. दीपेश दोन्ही हात रेतीत टेकून ओकत होता. सकाळचा चहा पडला, कालची कोंबडी पडली, तरी थांबेना. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पाठ कुत्र्यासारखी वाकलेली. बापाच्या मिशीवरचा थेंब पाहिला की तो पुन्हा ओकायचा. हसणं एकेका तोंडावर तसंच राहिलं आणि मग गेलं. ज्याने पाणी प्यायलं त्याला काही झालं नव्हतं. ज्याला पाण्यात काय आहे ते ठाऊक होतं त्याला होत होतं.

परशुरामांनी मिशीवर हात नेला. हात तिथेच राहिला.

दीपेश उठला. त्याने बोलायचा प्रयत्न केला, तोंडातून लाळेची तारच आली. ती बाहीने तोडली. खोपीला टेकवलेलं खोरं घेतलं, झऱ्यापाशी गेला आणि त्यात रेती लोटायला लागला. तुळसाकाकी आडवी आली. तिच्या हाताचा झरा. तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या.

"काकी, बाजूक हो," तो म्हणाला. "ता माझ्या पक्ष्यांचा पाणी आसा."

रेती टाकली तरी पाणी वर यायचं. तो टाकत राहिला. शेवटी तिथे एक ओला ढीग उरला, मऊ, पाय ठेवला तर रुतेल असा. मग त्याने खोरं टाकलं, बापाकडे बघितलं नाही, गाडी काढली. किशोरी मागे बसली, दोघांच्या मध्ये भक्ती. मागून कुणीतरी हाक मारत होतं, मानकऱ्याचं घर कौलाआधी मोडतंय म्हणून. तो आवाज परशुरामांचा नव्हता.

कसालला हमरस्त्यावर दीपेश गाडी बाजूला घेऊन पुन्हा ओकला. आता काहीच पडत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली तेव्हा सलाईन लावायला आलेली नर्स एक पाऊल मागे सरली. बाई सरल्या नाहीत, पण त्यांनी तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केलेली किशोरीला दिसलं. लाल रेघ त्यांनी बोटाने वरपर्यंत तपासली. उशीर झाला आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. पाय वाचेल असंही म्हणाल्या नाहीत. आजची रात्र जाऊ दे, म्हणाल्या. मग दीपेशकडे वळल्या आणि विचारलं, काय करता तुम्ही.

"पोल्ट्री."

बाईंनी जुनी पट्टी ट्रेमध्ये टाकली. "पक्ष्यांना काय काय देता?"

दीपेश भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या शर्टाला ओकारी, विष्ठा, नदी, सगळ्याचा वास येत होता. शाळेत उभं केलेल्या पोरासारखा तो ऑफिसातल्या मराठीत एकेक नाव सांगायला लागला. अमॉक्सी. ते लागू पडलं नाही म्हणून एन्रो. मग डॉक्सी. जुलाबांसाठी निओ. मध्ये एकदा जेंटा. प्रत्येक नावाला बाई मान हलवत होत्या, जणू ही नावं त्यांना आधीच माहीत होती, फक्त कोणाच्या तोंडून येणार ते माहीत नव्हतं. किशोरी पोरीचा हात धरून ऐकत होती. लग्नाआधीच्या बायकांची नावं नवऱ्याने सांगावीत तसं तिला ते ओशाळवाणं, किळसवाणं वाटत होतं, आणि तरी एकही सुटू नये असंही वाटत होतं.

तो थांबल्यावर बाईंनी भक्तीला टोचायची एक लहान बाटली उचलली, तिचं झाकण मोडलं आणि लेबल त्याच्याकडे केलं.

"आणि हे?"

दीपेश पुढे आला. डोळे बारीक करून त्याने नाव वाचलं. त्या इवल्या खोलीत भक्तीच्या पायाचा वास भरून राहिला होता.

"नाही," तो म्हणाला. "हे अजून नाही दिलं."